कड्याच्या बाजूला

“शेडगे, पाय आवरा. मॅटला भोक पडेल.”

“मी काय केलं?”

“ब्रेक दाबलात. परत.”

शेडगेंनी खाली बघितलं. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हताच. असणार कुठून? महाडला त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. ही सायप्रसमधली भाड्याची गाडी होती, आणि चालवत होते मी. तरी प्रत्येक वळणाला त्यांचा पाय मॅटवर आपटायचा. मागून हमीदभाई म्हणाले, “दाबू दे हो, बाई. तेवढाच त्याच्या जिवाला आराम.”

आम्ही तिघं एकाच डेपोतले. मी कुंदा पार्टे, एसटीत कंडक्टर. दगडू शेडगे ड्रायव्हर. वरंध घाटातून आमची जोडी कितीतरी वर्षं भोरला जायची नि यायची. हमीद मुकादम वर्कशॉपमधले मेकॅनिक. इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे. पाठोपाठ तिघंही रिटायर झालो. हमीदभाईंची मुलगी रुबी सायप्रसला एका वृद्धाश्रमात नर्स. ती म्हणाली, फेब्रुवारीत या, त्या दिवसांत सगळं स्वस्त मिळतं. मला रजा नाही, पण गाडी घ्या आणि बेट फिरा, तिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. मग हमीदभाई, त्यांची बायको झुलेखाभाभी, शेडगे आणि मी असे चौघं निघालो. दोन गडी, दोन बाया. गल्लीत कुजबुज झालीच. माझी धाकटी जाऊ म्हणाली, “वन्सं काय म्हणतील?” मी म्हटलं, “वन्संना सांग, येताना खजूर आणते.”

आता मी का चालवत होते, ते सांगायला हवं.

गाडी चालवायला मला हमीदभाईंनीच शिकवलं, डेपोमागच्या मैदानात, त्यांच्या मेव्हण्याच्या टेम्पोवर. लायसन काढलं. रिटायर झाल्यावर घरी बसून डाळ निवडणं माझ्यानं होईना. तिकडे शेडगेंच्या स्कूलमध्ये बायका शिकायला येऊ लागल्या होत्या आणि चार दिवसांत पळूनही जात होत्या, कारण शेडगे शिकवताना ओरडायचे, नि ओरडणं म्हणजे कसं, तर भर बाजारात. मी एक दिवस जाऊन सरळ विचारलं, “तुमची दुसरी गाडी उभीच असते. बायकांची बॅच मी घेते.”

ते हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. “पार्टेबाई, मैदानात गोल फिरवणं वेगळं. ड्रायव्हर म्हणजे घाट. तुम्ही आपली घंटी वाजवलीत, झकास वाजवलीत. ज्याचं त्यानं करावं.”

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की समोरचा चहा मी तसाच सोडून उठले. चहा सोडणारी बाई मी नव्हे.

सायप्रसचं ठरलं तेव्हा मी पैज लावली. सबंध बेट मी चालवणार. शेडगे शेजारी बसणार. त्यांनी स्टिअरिंगला एकदा जरी हात लावला, तर मी हा विषय आयुष्यात काढणार नाही. नाही लावला, तर बायकांची बॅच माझी. हमीदभाई साक्षीदार. शेडगे म्हणाले, “तुम्हीच दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या हातात द्याल.” मी म्हटलं, “बघू.”

तर असे आम्ही फिरत होतो. गाडी पांढरी, एवढीशी, चढाला धापा टाकणारी. भाड्याच्या गाडीला तिथं लाल नंबरप्लेट असते, ती बघून लोक लांबूनच बाजूला व्हायचे, आणि शेडगे म्हणायचे, “बघा, लोकांना समजतं.” डिकीत रुबीचा कुकर, तांदूळ, लसणाची चटणी आणि सुके बोंबील. बोंबील भाभींनी तीन पिशव्यांत गुंडाळले होते, तरी त्यांनी आपली हजेरी लावलीच. हॉटेलात जेवायचं नाही, गावातल्या स्वस्त खोल्या बघायच्या, दुपारी रस्त्याकडेला पाव आणि तिथलं ते तव्यावर भाजून खायचं चीज. भाभी चिजावर चटणी टाकायच्या. फार छान लागायचं.

समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर मला काही अडचण आली नाही. मग डोंगर लागले. वळणावळणाचा चढ, बदामाची झाडं पांढरीगुलाबी फुललेली, कडेला जुनी दगडी गावं. आदल्या दोन दिवसांत तिकडे जोराचा पाऊस झाला होता, माती लाल आणि ओली. शेडगे पुढे वाकून बसलेले. “दुसरा टाका... अहो, दुसरा! वळणावर हॉर्न द्या! वळण कापू नका!”

“तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय.”

“हात लावायचा नाही असं ठरलंय. तोंडाचं काही ठरलं नव्हतं.”

एका फाट्यावर, मुख्य रस्ता सोडून वर जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या तोंडाशी, एक म्हातारी उभी होती. काळे कपडे, काळा रुमाल, हातात संत्र्यांची पिशवी. आमची गाडी वळली तशी तिनं हात वर केला.

आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आमचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. हात दाखवला की गाडी थांबलीच पाहिजे, त्यात विचार करायचा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे शेडगेंचा पायही त्याच क्षणी मॅटवर होता. भाभींनी दार उघडलं, “या मावशी, या, बसा,” म्हणून हात धरून तिला आत ओढलं. म्हातारी काहीतरी भराभरा बोलली. आमच्या चौघांच्या तोंडाकडे बघितलं. मग खांदे उडवून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

“कुठं जायचं, मावशी?” मी विचारलं, आणि रस्त्याकडे बोट केलं. “वर?”

तिनं मान झटकन वर उडवली आणि जिभेनं च्क केलं.

“वरच,” शेडगे म्हणाले. “चला.”

निघालो. म्हातारी बोलतच होती. मी पुन्हा विचारलं, “अजून वर?” पुन्हा मान वर, पुन्हा च्क. हमीदभाई म्हणाले, “बिचारीचं घर अगदी माथ्यावर दिसतंय.” भाभींनी तिला बडीशेप दिली. तिनं ती खाल्ली, आणि मान वर उडवणं चालूच ठेवलं.

तिथली माणसं मान अशी वर उडवतात तेव्हा ती ‘नाही’ म्हणत असतात, हे रुबीनं आम्हाला त्या रात्री सांगितलं. म्हातारी आम्हाला हात करून थांबवत होती ते गाडीत बसण्यासाठी नाही, पुढं जाऊ नका म्हणून. आम्ही तिलाच गाडीत घातलं आणि ती जिवाच्या आकांतानं ‘नाही, नाही’ सांगत असताना वर वर नेलं.

रस्ता बारीक होत गेला. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी. कठडा नाही. एका गाडीपुरती जागा. एक वळण घेतलं आणि मी करकचून ब्रेक मारला.

पुढं रस्ता नव्हता. म्हणजे उजवा अर्धा होता, त्यावर दगडमातीचा ढीग. डावा अर्धा खाली दरीत गेला होता.

शेडगेंचा हात स्टिअरिंगच्या दिशेनं निघाला होता आणि मध्येच, हवेत, थांबला होता. म्हातारीनं दोन्ही हात वर करून मोठ्यानं काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ सांगायला रुबी लागली नाही.

वरून एक दगड घरंगळत आला आणि बॉनेटपुढे पडला. त्याच्यामागून खडीची बारीक धार.

“डोंगर अजून सुटतोय,” हमीदभाई हलकेच म्हणाले. “इथं थांबायला नको.”

वळवायला जागा नव्हती. शेवटची रुंद जागा मागं, पाच-सहा वळणं खाली, एका पडक्या भिंतीपाशी राहिली होती. तिथवर रिव्हर्स जायचं. उतारावरून, वळणं घेत.

शेडगेंनी पट्टा सोडला. “बाई, सरका. मी घेतो.”

मी हलले नाही.

“पार्टेबाई, पैज गेली खड्ड्यात. हे रिव्हर्सचं काम आहे. घाटातलं.”

“पैज कोणाची गेली खड्ड्यात? तुमची का माझी?”

“अहो, जिवाशी खेळ आहे हा!”

हमीदभाईही म्हणाले, “बाई, शांतपणे विचार करा. माणसं आहेत गाडीत.”

खरं सांगते, माझा हात किल्लीकडे गेला होता. आणि एक मन म्हणत होतं, दे बाई किल्ली; तीस वर्षं घाट चालवलेला माणूस शेजारी बसलाय, त्याला दे, कोणी हसणार नाही. पण दुसरं मन म्हणत होतं, आज दिलीस तर संपलं. उद्या महाडला एखादी पोर शिकायला येईल, तिलाही हा माणूस हेच सांगेल, सोपं तोवर तू चालव, अवघड आलं की सरक. आणि मला येत होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. मैदानात हमीदभाईंनी माझ्याकडून निम्मा वेळ रिव्हर्सच करून घेतला होता.

मी हॅंडब्रेक ओढला. “सगळे खाली उतरा. पॅसेंजर खाली. डोंगराच्या बाजूनं चालत खाली जा. भाभी, मावशींचा हात धरा.”

डेपोतला माझा आवाज निघाला तसे सगळे उतरले. म्हातारीसुद्धा. शेडगे बसून राहिले.

“तुम्हीसुद्धा,” मी म्हटलं. “मागं जा आणि मला सिग्नल द्या.”

“मी? मी कंडक्टर?”

“रिव्हर्स घेताना कंडक्टर खाली नसेल तर ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. हे मला कोणी शिकवलं? भोर स्टॅंडवर, सगळ्या पॅसेंजरांसमोर, ओरडून?”

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. उतरले. दार जरा जोरात लावलं.

मी काचा खाली केल्या. मागून आवाज आला, “येऊ द्या! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...”

गाडी हळूच मागं सोडली. दोन-तीन गाड्यांएवढं अंतर गेलं असेल. उजव्या आरशात बघितलं, तर शेडगे डोंगराला पाठ चिकटवून उभे, आणि हात मात्र जोरजोरात हलतोय. मी थांबले.

“शेडगे! तिथून तुम्हाला डावं चाक दिसतंय?”

“अंदाजानं सांगतोय! या तुम्ही!”

“अंदाज नको मला. कडेला या.”

मी आरशात बघत राहिले. शेडगेंनी दरीकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, मग पुन्हा दरीकडे. टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. आणि गाडीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आले. कड्याच्या बाजूला.

“आणि ओरडू नका,” मी म्हटलं. “पत्र्यावर थाप मारा. एक मारलीत की थांबेन. दोन मारल्यात की चालेन.”

धप धप.

मी गाडी सोडली.

पहिलं वळण निघालं. दुसरंही. धप. थांब. धप धप. चल. गाडी थोडी मागं येऊन थांबली की त्यांच्या चपलांचा आवाज, खडी सरकल्याचा आवाज, मग पुन्हा थाप. शेडगे एक शब्द बोलत नव्हते. इतक्या वर्षांत हा माणूस इतका वेळ गप्प राहिलेला मी बघितला नव्हता.

तिसरं वळण वाईट होतं. रस्ता कडेला झुकलेला आणि ओला. मी स्टिअरिंग कापलं, पार फिरवलं, गाडीचं बूड दरीकडे गेलं. डाव्या आरशात मला चाक दिसत नव्हतं. शेडगेंचे पाय दिसत होते. टाचेमागं रस्ता नव्हता. एवढ्यात टाचेखालचा एक दगड निसटला आणि खाली पडला. तो तळाला लागल्याचा आवाज काही लवकर आला नाही.

धप!

माझा पाय तिथंच होता. गाडी जागच्या जागी थांबली. माझ्या आणि त्यांच्या मध्ये वीतभर अंतर राहिलं असेल. मी जराशी चुकले असते, तर गाडी वाचलीही असती. शेडगे गेले असते.

“सरका तिथून!” मी ओरडले.

“नाही सरकत,” ते म्हणाले. “मी सरकलो तर तुम्हाला कड कशी समजणार? पुढं घ्या थोडी. पूर्ण कापा. परत या.”

मी पुढं घेतली. पूर्ण कापलं. परत आले. ते तिथंच उभे होते. आरशात ते दोन पाय, धुळीनं भरलेल्या चपला, पॅंटची उसवलेली किनार. मी त्या पायांवर नजर ठेवली आणि गाडी त्यांच्या अगदी शेजारून नेली.

धप धप.

त्यानंतरची वळणं मला आठवतसुद्धा नाहीत. पडक्या भिंतीपाशी गाडी आडवी घालून वळवली, इंजिन बंद केलं, हॅंडब्रेक ओढला आणि उतरले. भाभी आणि म्हातारी आधीच पोचून भिंतीला टेकल्या होत्या, संत्रं सोलून खात. हमीदभाई गाडीभोवती फिरले, चारही टायर बघितले, मागचा पत्रा बघितला. त्यावर शेडगेंच्या पंजाचे मातीचे ठसे होते, बाकी ओरखडा नाही. हमीदभाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला. म्हातारीनं मला खूप रागावलं. मग एक संत्रं दिलं.

शेडगे भिंतीवर बसले होते. टोपी हातात. मी शेजारी जाऊन बसले, संत्र्याच्या फोडी केल्या, अर्ध्या त्यांना दिल्या. त्यांनी घेतल्या, खाल्ल्या नाहीत.

“पार्टेबाई.”

“बोला.”

“आपल्या घाटात रिव्हर्स घ्यायला लागायचा. दरड आली की. समोरून ट्रक आला की.”

“लागायचा.”

“तेव्हा तुम्ही उतरायचात.”

“मग? कंडक्टर मी होते.”

“कुठल्या बाजूला उभ्या राहायचात?”

मला हसूच आलं. “हे काय विचारणं झालं? दरीच्या. आतल्या बाजूनं कड दिसते होय?”

“पावसातसुद्धा?”

“दरड काय उन्हाळ्यात येते का, शेडगे?”

खाली दरीत कुठंतरी मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

“कधी बोलला नाहीत.”

“त्यात काय बोलायचं? तुम्हाला आरशात दिसत असेन, असं मी धरून चालले होते.”

शेडगेंनी टोपी उलटी केली, सुलटी केली. “मी टायर बघायचो,” ते म्हणाले.

खरं तर मलाही ते त्याच दिवशी कळलं होतं, त्या आरशातले पाय बघताना. मी त्या जागी इतकी वर्षं उभी राहिले, पण आपण कुठं उभे आहोत, हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नव्हतं. कामच ते. पहिल्यांदा अंगावर काटा आला तो गाडीत बसून, दुसरं कुणी तिथं उभं होतं म्हणून.

टोपी डोक्यावर घालून शेडगे म्हणाले, “दुसऱ्या गाडीची किल्ली आहे माझ्याकडे. घरी गेलो की घेऊन जा. बायकांची बॅच तुमची. आणि घाटाची बॅचही.”

“आत्ता नको,” मी म्हटलं. “पैज सबंध बेटाची आहे. अजून निम्मं राहिलंय.”

हमीदभाई जोरात हसले. “आली का पंचाईत! दगडू, आता तुझी सुटका नाही.”

म्हातारीला तिच्या गावात सोडायचं ठरलं. ते खाली, फाट्याच्या पलीकडेच निघालं. शेडगेंनी पुढचं दार उघडलं, आणि स्वतः न बसता म्हातारीला हात देऊन पुढं बसवलं. आपण मागं जाऊन डाव्या खिडकीशी बसले, भाभी आणि हमीदभाईंना सरकवून. जिथं एसटीत माझी सीट असायची, साधारण तिथंच.

मी इंजिन चालू केलं. आणि तशीच बसून राहिले.

“काय झालं, बाई?” हमीदभाईंनी विचारलं. “गाडी का सोडत नाही?”

“घंटी नाही मिळाली.”

आरशात मी शेडगेंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी हात वर केला, मूठ केली, आणि डोक्यावरच्या टपावर दोनदा वाजवलं. टपाला आतून कापड होतं, त्यामुळे आवाज काही खास आला नाही.

मी गाडी सोडली.